मांडी म्हणजे सीट नव्हे!
(नवजात बाळाचा पहिला कारप्रवास : थोडं फिजिक्स, थोडी काळजी)

मित्रांनो, विषय वाचूनच निम्म्या लोकांनी पान उलटलं असेल. "आम्ही हॉस्टेलवाले, आमची लग्नं व्हायची आहेत, बाळाच्या सीटचं आम्हाला काय?" पण जरा थांबा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ताई देगलूरला नाहीतर मुखेडला माहेरी येते, नांदेडच्या दवाखान्यात बाळंत होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी घरून फोन कोणाला येतो? हॉस्टेलवरच्या मामाला! "तुझं लायसन्स निघालंय ना? मग काकांची गाडी घेऊन ये." म्हणजे त्या लेकराच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रवासाचे ड्रायव्हर आपणच असतो. मुली मागे बसलेल्या मावश्या असतात, आणि बाळ बहुतेक वेळा त्यांच्याच मांडीवर असतं. आणि स्टाफ क्वार्टर्समध्ये तर पाळणे हलतच असतात, त्यामुळे सर आणि मॅडम यांनीही हे वाचायला हरकत नाही.

या प्रवासाची तयारी किती जोरात असते बघा. टोपडं, झबलं, दुपटं, गालावर काजळाची तीट, गाडीच्या चाकाखाली लिंबू. सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही, अशी आपली पद्धत. पण दवाखान्यातून घरी येताना तेच बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी हायवेवरून ऐंशी किलोमीटर येतं, आणि तेही कसलाही बेल्ट नसताना. तीट लावली म्हणून दृष्ट लागत नसेलही, पण न्यूटनचा पहिला नियम तीट बघत नाही.

आधी गणित

आपण इंजिनिअर आहोत, म्हणून आधी आकडे मांडू. गाडीचा वेग ताशी ५० किमी धरा, म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर. समोर झाड किंवा ट्रकचा मागचा भाग आला आणि गाडी धडकली. बॉनेट चेपत चेपत गाडी समजा ६० सेंटिमीटरमध्ये थांबली. v²/2d काढलं तर मंदन १६ g च्या आसपास येतं, आणि ही सगळी घटना ०.०९ सेकंदात संपते. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो.

आता मांडीवर ३ किलोचं बाळ आहे. त्याला धरून ठेवायला लागणारं बल ३ × १६, म्हणजे जवळपास ५० किलो वजनाइतकं. सिमेंटचं एक पोतं! आणि हे फक्त सरासरी झालं. धडकेत बलाचा आलेख सपाट नसतो, त्याचं शिखर सरासरीच्या दुपटीपर्यंतही जाऊ शकतं. तेव्हा अचानक, न सांगता, दोन पोती हातात येणार आणि ती एक दशांश सेकंद धरून ठेवायची. जिममध्ये जाणाऱ्या मामालाही हे जमणार नाही, मग चार दिवसांच्या बाळंतिणीला कसं जमेल? इथे आईच्या मायेत काही कमी नाही. स्नायूंना आकसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं असतं.

आणि आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर? मग तीही ताशी ५० च्या वेगाने पुढे जाते, बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं. बेल्ट न लावलेला माणूस गाडीबरोबर हळूहळू थांबत नाही. तो आधी तसाच पुढे जातो आणि मग डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर काही सेंटिमीटरमध्ये थांबतो. ६० सेंमीच्या जागी ५ सेंमी टाकून गणित पुन्हा करा, उत्तर २०० g च्या जवळ येईल.

ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांच्यासाठी दुसरं उदाहरण. ताशी ५० किमीची धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून पडणं, म्हणजे आपल्या तीन मजली हॉस्टेलच्या गच्चीवरून. ताशी ८० ला हीच उंची २५ मीटर होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गच्चीच्या कठड्यावर बाळाला घेऊन कोणी बसेल का? हायवेवर मात्र आपण रोज बसतो.

मांडीचा मोह सगळीकडेच

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि १९७८ पासून तिथे लहान मुलांना कारसीटमध्ये बसवणं सक्तीचं झालं. अमेरिकेतला हा असा पहिला राज्य कायदा. पण त्यातही एक पळवाट घुसवली गेली, ती म्हणजे मूल कोणाच्या हातात असेल तर चालेल! म्हणजे ज्या गोष्टीसाठी कायदा केला तीच मोकळी. ती पळवाट काढून टाकायला १९८१ साल उजाडलं. तेव्हा आपली आजी "माझ्या मांडीवर दे" म्हणते त्यात विशेष काही नाही, सगळ्या जगाच्या आज्या तेच म्हणत होत्या.

बाळ पाठमोरंच का?

नवजात बाळाची सीट नेहमी उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी लावतात. यामागे फार सुंदर मेकॅनिक्स आहे.

मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं, नवजात बाळाचं मात्र जवळजवळ चौथा हिस्सा. त्यात मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध सैल असतात. म्हणजे जड वस्तुमान एका लवचिक दांडीच्या टोकाला. असं बाळ पुढे तोंड करून बसवलं आणि समोरून धडक झाली, तर पट्टे खांदे धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर येतो आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

पाठमोरं बसवलं तर धडकेत बाळ सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ सगळं एकाच वेळी, एकाच वेगाने थांबतं. बल तेवढंच, पण क्षेत्रफळ मोठं, म्हणून दाब कमी. फर्स्ट इयरचा फॉर्म्युला!

ही कल्पना स्वीडनमध्ये पुढे आली. बर्टिल आल्डमन या डॉक्टर-प्राध्यापकांनी जेमिनी मोहिमेतल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाच्या वेळचा जोर ते अंतराळवीर पाठीवर घेत होते. त्यावरून १९६४ च्या सुमारास लहान मुलांची पाठमोरी सीट तयार झाली आणि व्होल्वो गाडीत तिची चाचणी झाली. म्हणजे आपलं बाळ पहिल्याच प्रवासात अंतराळवीरासारखं बसतं म्हणायचं! गंमत बाजूला ठेवली तरी फायदा खरा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार योग्य सीटमुळे कारमधल्या एक वर्षाच्या आतल्या बाळाचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो.

सीट घेताना

बाजारात दिसायला सारख्या अशा दोन वस्तू मिळतात. एक कारसीट आणि दुसरी नुसती कॅरीकॉट, म्हणजे बाळाला उचलून न्यायची टोपली. कॅरीकॉट घरात छान, पण गाडीत ती नुसती ठेवली तर बाळासकट उडेल. फरक ओळखायचा तर मागचं लेबल बघा. युरोपीय मानकाच्या सीटवर केशरी रंगाचं लेबल असतं, त्यावर गोलात इंग्रजी 'ई' अक्षर आणि आर-४४ किंवा आर-१२९ असा क्रमांक असतो. भारतीय मानक आहे एआयएस-०७२. यातलं काहीच नसेल तर ती वस्तू कितीही गुबगुबीत असली तरी दुकानातच राहू द्या.

नवजात बाळासाठी जन्मापासून १३ किलोपर्यंतची हँडलवाली सीट सोयीची पडते. किंमत काही हजारांत असते. महाग वाटते हे खरं, आणि म्हणूनच सेकंडहँडचा मोह होतो. ओळखीच्या माणसाची, अपघात न झालेली, मॅन्युअल सोबत असलेली आणि मुदत न संपलेली सीट घ्यायला हरकत नाही. (हो, सीटला मुदत असते. ऊन खाऊन खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं, मटेरियल सायन्सवाल्यांना वेगळं सांगायला नको.) पण भंगारबाजारातली, इतिहास माहीत नसलेली सीट नको. एका धडकेत बसलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

आणि वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घरचीच सीट बनवायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या. जुगाडाला मर्यादा असतात.

गाडीत बसवताना

हे काम डिस्चार्जच्या आदल्या दिवशी करा. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये वीस नातेवाईक सल्ले देत असताना मॅन्युअल वाचून होत नाही.

१. सीट नेहमी मागच्या सीटवर लावा. पुढे एअरबॅग चालू असेल तर पाठमोरी सीट तिथे कधीच लावू नका. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते आणि तिच्या तोंडासमोर बाळाच्या डोक्यामागचा भाग असतो. मोठ्यांना वाचवणारी वस्तू बाळाचा जीव घेऊ शकते.

२. आर-४४ च्या सीटवर पाठमोऱ्या बैठकीच्या बेल्टचा मार्ग निळ्या खुणांनी दाखवलेला असतो. कमरेचा पट्टा आणि खांद्याचा पट्टा कोणत्या खाचेतून जातो ते चित्रात बघून तसाच घ्या. काही गाड्यांत बेल्ट आखूड पडतो, तर मधल्या जागेवर नुसता कमरेचाच पट्टा असतो. म्हणून आधी लावून बघा. आयसोफिक्सचे हुक असतील आणि सीटला तसा बेस असेल तर काम सोपं होतं.

३. बेल्ट लावल्यावर, तो जिथून जातो तिथे सीट हाताने हलवून बघा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर बेल्ट सैल आहे. सीट दाबून धरा, बेल्ट ओढा, परत बघा.

४. सीटचा कोन सर्वात महत्त्वाचा. साधारण ४५ अंश, किंवा सीटवर आडवी रेघ असेल तर ती जमिनीला समांतर. सीट फार उभी झाली तर बाळाचं डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. नवजात बाळाला मान उचलता येत नाही. ते रडतही नाही, चुपचाप गुदमरतं.

बाळ सीटमध्ये ठेवताना

सरावासाठी ३ किलो तांदळाची पिशवी घ्या. हसू नका, खरंच उपयोग होतो.

• बाळाचं बूड आणि पाठ सीटला पूर्ण टेकलेली हवी. खाली किंवा पाठीमागे उशी, घडी केलेलं दुपटं काही घालू नका. डोकं कडेला कलत असेल तर दोन्ही बाजूंना छोट्या टॉवेलच्या गुंडाळ्या चालतात.

• खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या सीटमध्ये बाळाच्या खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत.

• पट्टा इतका घट्ट की खांद्याजवळ दोन बोटांच्या चिमटीत त्याची घडी येता कामा नये.

• आपल्याकडची खरी अडचण म्हणजे गुंडाळणं! बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून गाठोडं केलं की पट्टे पायांमधून जाणार कसे? आणि जाड स्वेटरवरून पट्टे बांधले तर धडकेत लोकर दबते आणि पट्टे सैल पडतात. म्हणून आधी पातळ झबलं, मग पट्टे, आणि थंडी असेल तर वरून शाल. तोंड झाकायचं नाही.

देगलूरच्या रस्त्यावर

नांदेडहून नायगाव, नरसी, शंकरनगर करत देगलूर, आणि तोच १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुढे तेलंगणात जातो. हैदराबादकडे जाणारे ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, मध्येच डिव्हायडरमधून येणारी मोटारसायकल. या रस्त्यावर मामाने ताशी ५०-६० ने चालवलं तर अर्धा तास उशीर होईल. होऊ द्या. घरी ओवाळायला उभ्या असलेल्या मंडळींना कुठे जायचंय!

नवजात बाळ सलग फार वेळ सीटमध्ये ठेवू नये. कमाल मर्यादा दोन तास सांगतात, पण पहिल्या काही आठवड्यांत तासाभराच्या आतच थांबलेलं बरं. नायगाव किंवा नरसीला थांबा, बाळाला बाहेर काढून मोकळं करा, दूध पाजा. बाळ रडलं की चालत्या गाडीत त्याला काढून छातीशी घ्यायचा मोह होतो, नेमकं तेच करायचं नाही. आधी गाडी कडेला घ्या, मग बाळ काढा. बाळंतिणीने मागे बाळाच्या शेजारी बसावं आणि स्वतःचाही बेल्ट लावावा. सिझेरियन असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर येऊ द्या.

घरी पोचल्यावर बाळ झोपलंय म्हणून सीटमध्येच ठेवू नका. सीट ही प्रवासासाठी आहे, झोपण्यासाठी नाही. दिवस कमी भरलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की ते अर्धवट बसलेल्या स्थितीत नीट श्वास घेतंय का.

आणि आपला उन्हाळा! उन्हात उभ्या गाडीतलं बकल हाताला चटका देतं, तर त्या कातडीचं काय होईल? आधी स्वतःच्या हाताने बघा. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून बाळाला बंद गाडीत कधीच ठेवू नका. बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

सीटच नसेल तर?

खरं सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच घरांत कारच नाही. मग टमटम, काळी-पिवळी, नाहीतर मोटारसायकलवर बाळंतीण मध्ये आणि बाळ पदरात. यातलं काहीही सुरक्षित नाही. तरी कमी धोक्याचं निवडता येतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (हा २०११ पासून आहे) घरी सोडायला मोफत गाडी मिळण्याची तरतूद आहे. १०२ नंबर किंवा वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, लाजू नका. कोंबून भरलेली जीप नको. मोटारसायकल तर नकोच नको. २०२२ च्या केंद्रीय नियमात बाईकवरच्या मुलांसाठी पट्टा आणि हेल्मेट सांगितलं आहे, ते ९ महिने ते ४ वर्षांसाठी. त्याहून लहान बाळासाठी बाईकवर काही सोयच नाही.

कारमध्ये सीटविना जावंच लागलं तर मागे बसा, धरणाऱ्याने स्वतःचा बेल्ट लावावा, पण एकच बेल्ट दोघांवरून घेऊ नये. धडकेत मोठ्याचं वजन बाळाला त्या पट्ट्यावर चिरडतं. हा सुरक्षित मार्ग नव्हे, फक्त कमी वाईट आहे.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर १००० रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण आहेत, पण त्या चाचणीत मुलांचे पुतळे सीटमध्ये बांधलेले असतात. गाडीला पाच स्टार आणि बाळ मांडीवर, तर ते स्टार बाळापर्यंत पोचत नाहीत.

"मागच्या सीटवर काही होत नाही" ही समजूतही सोडू या. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले ते गाडीत मागेच बसलेले होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, तेही मागे, आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी बेल्ट लावला नव्हता. दोन्ही वेळेला महिनाभर चर्चा झाली, मग आपण सगळे विसरलो.

आजीशी कसं बोलायचं?

हा सगळ्यात अवघड पेपर! आजी म्हणणार, "एवढुशा जिवाला कशाला बांधून ठेवायलास रे बाबा? दे इकडं." वाद घालू नका. "आजी, पाळण्यातून पडू नये म्हणून तूच दुपट्याने बांधतेस ना? हा गाडीतला पाळणा आहे. तू शेजारी बस, हात धर त्याचा." आजीला बाळाजवळ राहायचं असतं, एवढंच. ती जागा तिला द्या.

शेवटी एक सूचना. बाळाची सीट जेमतेम वर्षभर लागते, मग माळ्यावर जाते. आपल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये चार-पाच घरांनी मिळून एक चांगली सीट घेतली तर? सोबत मॅन्युअल आणि एक लॉगबुक. घेतल्याची तारीख, कोणाकडे आहे, अपघात झाला का. झाला असेल तर सीट बाद. हॉस्टेलच्या मामा-मावश्यांनाही ती दोन दिवसांसाठी नेता येईल. लॅबमधलं मल्टिमीटर आपण सही करून नेतो, तसंच हेही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी "गाडी घेऊन ये" असा फोन आला की आधी एवढंच विचारा, "सीटचं काय केलंय?"

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)